तापमानवाढीचा प्रकल्प घ्यावा, पण तापमापक हातात धरून

विज्ञान प्रदर्शनाचा हंगाम जवळ आला की शिक्षकांत आणि पालकांत एक वाद ठरलेला असतो. मुलांनी ‘ग्लोबल वॉर्मिंग’ घ्यावे की घेऊ नये? एक बाजू म्हणते, विषय घासून गुळगुळीत झाला आहे, परीक्षक फलकाकडे बघतसुद्धा नाहीत. त्यापेक्षा रोबोट करा, ड्रोन करा, सेन्सर लावलेली कचराकुंडी करा. दुसरी बाजू विचारते, पृथ्वीवर एवढे संकट आलेले असताना मुलांनी जनजागृती करायची नाही तर मग कोणी करायची? दोन्हीकडची माणसे तळमळीने बोलतात. पण दोघांनीही प्रकल्प म्हणजे एखादा विषय ‘घेणे’ आणि तो मांडून दाखवणे, हे गृहीत धरलेले असते, आणि वाद तिथेच फसतो. मला वाटते, तापमानवाढ हा आज शाळकरी मुलांच्या हाती असलेला सर्वांत चांगला विषय आहे. फक्त आपण तो त्यांच्याकडून फार वाईट रीतीने करून घेतो. मुलाने असा एक लहानसा, मोजता येण्याजोगा प्रश्न घ्यावा, ज्याचे उत्तर त्याला, त्याच्या बाईंना आणि इंटरनेटलाही आधीपासून ठाऊक नाही.

आज काय होते ते कोणत्याही तालुकास्तरीय प्रदर्शनात दिसते. थर्माकोलचा गोल, त्यावर लाल रंग, खाली कापसाचा बर्फ, एका बाजूला धुराडी आणि दुसऱ्या बाजूला झाडे. बर्फावर पेंग्विन आणि पांढरे अस्वल शेजारी शेजारी उभे असतात, जे निसर्गात कधीच भेटत नाहीत, कारण पेंग्विन दक्षिण गोलार्धातले आणि ती अस्वले उत्तर ध्रुवाकडची. उत्तर ध्रुवावरचा तरंगता बर्फ वितळला की मुंबई बुडते असे फलकावर लिहिलेले असते. काठोकाठ भरलेल्या पेल्यातला बर्फ वितळला तर पाणी सांडत नाही, हे सातवीतला मुलगा पाच मिनिटांत पाहू शकतो. समुद्राची पातळी वाढते ती ग्रीनलंड, अंटार्क्टिका आणि पर्वतांवरच्या हिमनद्यांचा, म्हणजे जमिनीवरचा बर्फ समुद्रात आल्याने आणि समुद्राचे पाणी तापून प्रसरण पावल्याने. बहुतेक फलकांवर ओझोनचे छिद्रही असतेच, जणू त्या छिद्रातून ऊन आत शिरते आणि पृथ्वी तापते. ओझोनच्या थराचा प्रश्न मुख्यतः अतिनील किरणांचा आणि क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंचा. त्यावर १९८७ साली मॉन्ट्रियल करार झाला आणि तो उपयोगी पडला. या चुका मुलांच्या नाहीत. झेरॉक्सच्या दुकानातून आणलेली माहिती मुलाने सुवाच्य अक्षरात उतरवली, आणि त्यातले एक वाक्यसुद्धा तपासून बघ, असे त्याला कोणी सांगितले नाही.

‘प्रयोग असलेला’ म्हणून जो प्रकल्प जरा वरच्या दर्जाचा समजला जातो, त्याचीही हीच गत आहे. दोन बाटल्या घ्यायच्या, एकीत साधी हवा, दुसरीत व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा मिसळून तयार केलेला कार्बन डायऑक्साइड. दोन्हींवर दिव्याचा झोत टाकायचा. दुसऱ्या बाटलीतला तापमापक थोडा वर चढतो आणि मुलगी सांगते, “हाच हरितगृह परिणाम.” परीक्षक मान डोलावतात. पण २०१० साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये तीन संशोधकांनी याच धर्तीचा वर्गप्रयोग तपासून पाहिला. त्यांनी कार्बन डायऑक्साइडच्या जागी आरगॉन वापरला. आरगॉन अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी उष्णतेची किरणे शोषत नाही, म्हणजे तो हरितगृह वायू नाहीच. तरीही पात्र तितकेच तापले. कारण दोन्ही वायू हवेपेक्षा जड. ते तळाशी बसून राहतात, वरच्या हवेत चटकन मिसळत नाहीत आणि उष्णता बाहेर वाहून जाणे मंदावते. म्हणजे उत्तर बरोबर आणि कारण चूक. हे ऐकून कोणी म्हणेल, मग हा प्रयोग बंद करा. मी उलट म्हणेन की तो जरूर करा, पण “वायू तापतो याची आणखी कोणती कारणे असू शकतील?” हा प्रश्न विचारल्याशिवाय तो संपवू नका. नववीच्या मुलीने जर विचारले, “सर, हा वायू जड आहे म्हणून तर तापत नसेल?”, तर त्या दिवशी त्या शाळेत विज्ञान घडले. तिला प्रदर्शनात क्रमांक मिळो वा न मिळो.

या प्रयोगाचा इतिहासही मुलांना सांगावा असा आहे. १८५६ साली अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरले, आत तापमापक ठेवले आणि ती उन्हात मांडली. कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे सर्वांत जास्त तापले आणि थंड व्हायलाही त्याने सर्वांत जास्त वेळ घेतला. वातावरणात हा वायू अधिक असता तर पृथ्वी अधिक तापली असती, असा तर्क त्यांनी लिहून ठेवला. त्या कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हत्या. त्यांचा निबंध वैज्ञानिकांच्या सभेत दुसऱ्या एका पुरुष शास्त्रज्ञाने वाचला, आणि पुढे शतकाहून अधिक काळ त्यांचे नाव विस्मरणात गेले. मात्र थेट ऊन आणि अवरक्त उष्णता यांना त्या प्रयोगात वेगळे करता येत नव्हते. १८५९ मध्ये जॉन टिंडल यांनी त्यासाठी खास उपकरण उभारले आणि कोणता वायू किती उष्णता शोषतो हे मोजून दाखवले. घरी जमवलेल्या साध्या साहित्यातून एक खरा प्रश्न निघाला आणि त्याचे पक्के उत्तर द्यायला दुसऱ्या कोणाला तरी अधिक चांगले उपकरण करावे लागले. शाळेतल्या प्रकल्पाने फूटबाईंच्या पायरीपर्यंत जावे आणि पुढची पायरी कोणती असेल हे मुलाला सांगता यावे, एवढी अपेक्षा अवाजवी आहे का?

आता विरोधी बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा. हवामान म्हणजे किमान तीस वर्षांची सरासरी, हा जागतिक हवामान संघटनेचा दंडक आहे. मुलांच्या हाती असतात आठ-दहा आठवडे. भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. आपल्या शाळांच्या प्रयोगशाळेतल्या साध्या तापमापकावरची सर्वांत लहान खूण एक अंशाची असते. शंभराहून अधिक वर्षांतली सगळ्या देशाची तापमानवाढ त्या एका खुणेतही मावते! मग मुले मोजणार काय? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. ‘पृथ्वी तापते आहे का’ हा प्रश्न शाळेने घेऊच नये. शाळेच्या साधनांनी त्याचे उत्तर मिळत नाही, आणि ज्यांच्याकडे साधने आहेत त्यांनी ते दिलेले आहे. पण या आक्षेपाने फक्त एक प्रश्न बाद होतो, विषय बाद होत नाही. तापलेल्या जगात माझ्या वर्गात, माझ्या वाडीत, माझ्या बसथांब्यावर काय होते, याचे आकडे कोणत्याही मंत्रालयाच्या अहवालात नसतात.

पत्र्याच्या छपराचेच पाहू. ग्रामीण महाराष्ट्रात असंख्य वर्गखोल्या पन्हळी पत्र्यांच्या आहेत, आणि मार्च-एप्रिलमध्ये दुपारी तिथे बसणे म्हणजे काय ते त्या मुलांना कोणी शिकवायला नको. विदर्भात तर उन्हामुळे शाळाच राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. छपराला चुन्याचा पांढरा हात दिला तर ऊन परावर्तित होऊन खोली थंड राहते, हे सर्वांनी ऐकलेले असते. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यातल्या भीषण उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ साली शहराचा उष्णता कृती आराखडा झाला आणि पुढे वस्त्यांमधली छपरे पांढरी रंगवण्याचे कामही तिथे झाले. पण आपल्या शाळेत, आपल्या पत्र्यावर, चुन्याने किती अंशांचा फरक पडतो? वर्गात खिडक्या किती आहेत, पत्रा किती गंजला आहे, धूळ किती बसते यावर ते अवलंबून आहे, आणि ते कोणालाही ठाऊक नाही. इथे मुलांना खरा प्रश्न मिळतो.

आणि तो करायला घेतला की विज्ञान एकेक करून दारात येऊन उभे राहते. दोन खोल्या घेतल्या, एका खोलीवर चुना दिला, दुसरीवर नाही. पण पहिल्या खोलीवर दुपारनंतर कडुनिंबाची सावली येत असेल तर? मग चुना देण्यापूर्वी आठवडाभर दोन्ही खोल्यांच्या नोंदी घ्याव्या लागतात, म्हणजे मुळातला फरक कळतो. दोन तापमापक एकच आकडा दाखवतात का? दोन्ही वितळत्या बर्फात बुडवून पाहायचे. एक शून्य दाखवतो आणि दुसरा एक, असे हमखास निघते. तापमापक जमिनीपासून किती उंचीवर टांगायचा? भिंतीला टेकवून चालेल का? वर्गात चाळीस मुले असताना आणि रविवारी रिकामा असताना फरक येतो का? पहिला वळवाचा पाऊस पडला आणि चुना ओघळून गेला, आता पुढच्या नोंदींचे काय करायचे? यातला प्रत्येक प्रश्न हवामानशास्त्रज्ञांना पडलेला आहे. पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत तापमापक ठेवायची पद्धत याच अडचणींतून आली. पुण्याच्या हवामान खात्यात अन्ना मणी या शास्त्रज्ञ बाईंनी स्वातंत्र्यानंतरच्या काळात हवामानाची उपकरणे भारतातच बनवण्यासाठी आणि ती एकमेकांशी जुळती असावीत म्हणून वर्षानुवर्षे काम केले. चुकीच्या मोजमापापेक्षा मोजमाप नसलेले परवडले, अशी त्यांची ठाम भूमिका होती. पुणे जिल्ह्यातल्या किती शाळांच्या भिंतींवर त्यांचे नाव दिसते?

दुसरा आक्षेप भीतीचा आहे, आणि तोही हलका नाही. २०२१ साली ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये भारतासह दहा देशांतल्या सोळा ते पंचवीस वयाच्या दहा हजार तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलामुलींनी हवामानबदलाची आपल्याला फार किंवा अतिशय काळजी वाटते असे सांगितले. सहावीतल्या मुलाला जग बुडण्याची चित्रे काढायला लावणे क्रूर आहे, असे पालक म्हणतात तेव्हा मी त्यांच्या बाजूचा आहे. पण रोबोट करायला लावल्याने ती काळजी जात नाही. मुले बातम्या बघतात, घरातली चर्चा ऐकतात. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला भर उन्हातल्या पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने माणसे गेली, ही बातमी राज्यातल्या घराघरांत पोहोचली होती. तेव्हा तिथले तापमान विदर्भातल्या उन्हाळ्याएवढे नव्हते, मग असे का झाले? याचे उत्तर शोधताना मूल दमटपणापाशी येते. एका तापमापकाच्या फुग्याला ओले मलमलीचे कापड गुंडाळायचे, दुसरा कोरडा ठेवायचा, आणि दोन आकड्यांतला फरक बघायचा. फरक जितका कमी तितका घाम वाळणे अवघड आणि ऊन अंगावर घेणे धोक्याचे. कोकणातल्या शाळेतला मुलगा हे दोन आकडे वाचून “आज दुपारी कबड्डीचा सराव नको” असे क्रीडाशिक्षकांना सांगू शकतो. ‘पृथ्वी वाचवा’ असे दहा फलक रंगवून त्याच्या हातात यातले काय आले असते?

तिसरा आक्षेप न्यायाचा आहे, आणि तो पुरेशा जोराने मांडला जात नाही याची मला खंत आहे. भारतात दर माणशी वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. अमेरिकेत चौदा टनांच्या आसपास. पालघरच्या पाड्यावरच्या, घरात एक दिवा आणि एक पंखा असलेल्या मुलीला आपण ‘वीज वाचवा, पृथ्वी वाचवा’ ही घोषणा पाठ करायला लावतो. तिने काय बिघडवले आहे? जनजागृतीच्या प्रकल्पांवरचा माझा मोठा राग हाच आहे. ज्यांनी हा प्रश्न निर्माण केला नाही त्यांच्याच गळ्यात अपराधाची पाटी अडकवली जाते. मोजमापाच्या प्रकल्पात अपराध येत नाही. तिथे ती मुलगी आपल्या वस्तीची साक्षीदार असते. मोठ्या वर्गातल्या मुलांनी हे दरडोई आकडे स्वतः काढावेत, देशादेशांची तुलना करावी आणि त्यावर वाद घालावा. ते गणितही आहे आणि नागरिकशास्त्रही.

रोबोटवाल्यांचा आणखी एक मुद्दा मी मनापासून मान्य करतो. प्रतिकृती करताना हात शिकतात. तार सोलणे, सोल्डरिंग, लाकडाला खाच पाडणे यांत खरे शिक्षण आहे आणि नुसत्या नोंदवहीत ते नाही. पण मग पर्जन्यमापक करा की. झडपांची लाकडी पेटी करा. गावातल्या सुताराकडे बसून ती केलेली मुले प्रदर्शनात ती पेटी दाखवतील आणि शेजारी त्या पेटीतल्या तापमापकाच्या नोंदी ठेवतील. ज्याला सेन्सरच लावायचा आहे त्याने तो कचराकुंडीऐवजी छपराखाली लावावा.

‘विषय जुना झाला’ या तक्रारीला मात्र माझ्याकडे सहानुभूती नाही. ब्रिटनमधल्या गाय कॅलेंडर या वाफेच्या यंत्रांच्या अभियंत्याने १९३८ मध्ये जगभरातल्या १४७ केंद्रांचे तापमानाचे जुने आकडे जमवले, हाताने हिशेब केले आणि पृथ्वी तापत असल्याचे दाखवले. तो हवामानशास्त्रज्ञ नव्हता. तज्ज्ञांनी त्याच्या निष्कर्षावर शंका घेतल्या. ही तापमानवाढ माणसाच्या हिताचीच ठरेल, असे त्याला वाटत होते, आणि तिथे तो चुकला. पण त्याने काढलेले आकडे आजच्या हिशेबांशी चांगले जुळतात. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंगने हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली, तेव्हा तो दशलक्षात ३१३ भागांच्या आसपास होता. आज तो ४२० च्या वर आहे. तेच मोजमाप दिवसेंदिवस, न कंटाळता चालू ठेवले म्हणून हा फरक आपल्याला कळला. त्याला कोणी नवा विषय घे म्हणाले असते तर?

यातून शाळांसाठी मला एक गोष्ट सुचते, आणि शिक्षकांच्या अडचणीलाही ती उत्तर देते. शिक्षकांकडे वेळ नाही हे खरेच आहे. निवडणूक, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे, त्यातून उरलेल्या वेळात वर्ग. अशा माणसाने दरवर्षी नवा प्रकल्प उभा करावा तरी कसा? मग दरवर्षी नवा कशाला? प्रकल्प शाळेचा असावा आणि दरवर्षी नव्या तुकडीने तो पुढे न्यावा. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची स्थापना १८२६ सालची, आणि एकोणिसाव्या शतकापासून तिथे पावसाच्या नोंदी आहेत म्हणूनच मुंबईच्या पावसाबद्दल आपण काही ठामपणे बोलू शकतो. महाराष्ट्रात शंभरी ओलांडलेल्या शाळा गावोगाव आहेत. शताब्दीला कमानी उभारल्या, स्मरणिका निघाल्या. पण त्यांतल्या किती शाळांकडे आपल्या अंगणातल्या पावसाची शंभर वर्षांची वही आहे? कोणी म्हणेल, वेधशाळा असताना शाळेच्या नोंदीची काय गरज. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला फक्त ७४. एका शहरात एवढा फरक, तर डोंगराच्या अल्याडच्या आणि पल्याडच्या गावात किती असेल? मृग बरसला की कोरडा गेला हे आजोबा तोंडाने सांगतात. नातीने ते महसूल मंडळाच्या पर्जन्यनोंदींशी ताडून पाहावे. आजोबांची आठवण कुठे जुळते आणि कुठे नाही, हा उत्तम प्रकल्प आहे. मात्र एका पुराखाली किंवा एका कोरड्या मृगाखाली ‘कारण : तापमानवाढ’ असे लिहायची परवानगी तिला नसावी. तिच्याकडे तेवढा पुरावा नाही, आणि एवढे कळणे हेच तिच्या प्रकल्पाचे अर्धे यश.

काही खरे प्रश्न गैरसोयीचेही असतील. २०१६ पासून राज्यात वृक्षलागवडीच्या मोठ्या मोहिमा झाल्या. २०१९ चे उद्दिष्ट तेहतीस कोटी रोपांचे होते. आपल्या शाळेभोवती, रस्त्याकडेला, गायरानात लावलेल्या रोपांपैकी आज किती जिवंत आहेत? कोणत्या जातीची टिकली, कोणती गेली, पाणी कोणी घातले? मुले आठवडाभर फिरली तर याचा तक्ता होतो. तो प्रदर्शनात लावायला मुख्याध्यापक कचरतील, हे मला माहीत आहे. पण झाडांचे महत्त्व सांगणारा फलक लावायला कोणी कचरत नाही आणि मेलेल्या रोपांची मोजणी लावायला कचरतात, तर मुले विज्ञानाबद्दल काय शिकतात?

प्रदर्शने भरवणाऱ्यांना हे अशक्य नाही. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून मुलांच्या गटांना स्थानिक प्रश्नावर प्रत्यक्ष काम करायला सांगते आहे. मुंबईच्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत मुलांना कृतिसंशोधन करावे लागते. साचे तयार आहेत. तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या परीक्षणात ते उतरत नाहीत एवढेच. तिथे परीक्षक एका टेबलापाशी काही मिनिटे थांबतात आणि त्या वेळेत रंगीत, हलणारी, आवाज करणारी वस्तू जिंकते. यंदापासून निदान एवढे करावे : परीक्षकाने आधी नोंदवही उघडावी आणि नंतर मांडणी पाहावी. वहीत तारखा असाव्यात, खाडाखोड असावी, चुकलेल्या दिवसांच्या रिकाम्या जागा तशाच असाव्यात. मुलाला पाठ केलेले भाषण म्हणू न देता विचारावे की तुझ्या अंदाजाविरुद्ध काय निघाले, आणि पुढच्या वर्षीच्या तुकडीला तू कोणता प्रश्न देऊन जाणार आहेस. ‘चुन्याने आमच्या वर्गात फारसा फरक पडला नाही’ असे प्रामाणिकपणे मांडणाऱ्या गटाचे गुण त्या निष्कर्षासाठी कापू नयेत, आणि हा नियम प्रदर्शनाच्या परिपत्रकात छापून शाळांना आधीच कळवावा, म्हणजे शिक्षकांना वर्गात तो मुलांना दाखवता येईल.